पऱ्हाटीला चालत नाही, ते पाणी माणसाला चालते



कृषी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. पूर्णेच्या काठच्या एका गावात पाण्याचे नमुने घ्यायला आम्हा पोरांना नेले होते. विहिरीचे पाणी बाटल्यांत भरले, प्रयोगशाळेत आणले, विद्युतवाहकता काढली, सोडियमचा हिशेब केला आणि वहीत शेरा मारला : 'ओलितास अयोग्य'. पुढच्या खेपेला विहिरीच्या म्हाताऱ्या मालकाला मी मोठ्या ऐटीत समजावून सांगितले की बाबा, हे पाणी पऱ्हाटीला देऊ नका, वावर चोपण होईल. म्हातारा म्हणाला, "पऱ्हाटीले कोन देते जी? आमी फक्त पेतो."

आमच्या वहीत पिण्याचा रकानाच नव्हता. मी गप्प बसलो. पुढे पदवी घेतली, काही वर्षे माती-पाण्याचेच काम केले, ते सोडून चळवळीत आलो. रकाना अजूनही नाही. फरक इतकाच की आता ती वही सरकारची आहे.

खारपाणपट्टा म्हणजे काय हे घाटाखालच्या माणसाला सांगायची गरज नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला पूर्णेच्या गाळाची खोल काळी जमीन आहे. पाऊस पडला की फुगते, पाण्याचा निचरा होत नाही, उन्हाळ्यात भेगा पडतात. खालचे पाणी खारे. ते पाणी वावराला दिले की सोडियम मातीला चिकटतो आणि माती मरते. म्हणून विद्यापीठ सांगते, विहिरीचे पाणी देऊ नका, शेततळे करा, पावसाच्या पाण्यावर भागवा. हा सल्ला बरोबर आहे. मी स्वतः शेकडो वेळा दिला आहे.

जमिनीचे दुखणे सरकारला कळलेलेही आहे. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिका आली. जमिनीचा सामू किती, सेंद्रिय कर्ब किती, क्षार किती, सगळे छापून शेतकऱ्याच्या हातात. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जावर पोकरा प्रकल्प आला, त्यात पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची ९३२ गावे धरली. म्हणजे कोणत्या गावचे पाणी खारे आहे याची यादी तयार आहे. आता त्याच गावांत मूत्रपिंड निकामी झालेली माणसे किती, डायलिसिसवर किती, गेल्या दहा वर्षांत मेली किती, कोणत्या वयात मेली आणि कोणत्या विहिरीचे पाणी पीत होती, याची यादी मागा. मी एका कार्यालयात मागितली. साहेबांनी मला बसवले, चहा पाजला आणि सांगितले की अशी गावनिहाय नोंद ठेवायचा नमुनाच नाही.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते की लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत. दुसरे पाणीच मिळत नसेल तर नाइलाज म्हणून २,००० पर्यंत. नायट्रेट ४५ च्या वर नको. हे आकडे केंद्र सरकारचे आहेत, माझे नाहीत. नाइलाजाची ही सवलत आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या चालू आहे, आणि कित्येक विहिरी त्या सवलतीतही बसत नाहीत.

आता साहेब लोक लगेच विचारतात, खाऱ्या पाण्यानेच मूत्रपिंड जाते हे सिद्ध झाले आहे काय? मी शास्त्र शिकलेला माणूस आहे, खोटे बोलणार नाही. नाही, तसे सरळ सिद्ध झालेले नाही. मूत्रपिंड साखरेने जाते, रक्तदाबाने जाते, मुतखड्याने जाते, गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणून रोज गिळलेल्या गोळ्यांनी जाते. जगात श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतला उसाचा पट्टा, आंध्रातले उद्दानम, अशा शेतकऱ्या-मजुरांच्याच भागांत हा रोग साखर-रक्तदाब नसलेल्या माणसांना धरतो आणि तज्ज्ञ त्याला 'अज्ञात कारणाचा' म्हणतात. उन्हातले काम, अंगातले पाणी आटणे, फवारणीची औषधे, पाण्यातले क्षार आणि धातू, सगळ्यांवर संशय आहे.

पण आपल्या वावरात उभे राहून बघा. मे महिन्यात पऱ्हाट्या उपटायला गेलेला माणूस खारट पाणी लागते म्हणून अर्धेच पितो. घाम तेवढाच जातो. संध्याकाळी अंग दुखते म्हणून गोळी घेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बांगलादेशच्या किनाऱ्यावर खारे पाणी पिणाऱ्या गरोदर बायांमध्ये रक्तदाब वाढलेला आढळला आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०१० साली महाराष्ट्रातल्या एका लहान खेड्यातले मूत्रपिंडाचे रुग्ण आणि तिथल्या पिण्याच्या पाण्यातले जड धातू यांचा संबंध वैद्यकीय नियतकालिकात मांडला. संशयाला जागा आहे की नाही, तुम्हीच ठरवा. 'सिद्ध झालेले नाही' हे वाक्य तपासणी केल्यानंतर बोलायचे असते. इथे तपासणी करायची नाही म्हणून ते बोलले जाते.

आणि तपासणी करायची म्हटली की होते, हेही आपण डोळ्यांनी पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत लोकांचे केस झडू लागले. टकलांचे फोटो देशभर गेले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पथके आली, रक्त घेतले, केस घेतले, पाणी घेतले, धान्य घेतले. बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. चांगली गोष्ट झाली, पथके आलीच पाहिजे होती. पण केस दिसतात. मूत्रपिंड पोटात असते. ते निम्म्याहून अधिक जाईपर्यंत माणसाला काही कळत नाही आणि कळते तेव्हा पायावर सूज आलेली असते. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

सरकार काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. २०१६ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. जिल्हा रुग्णालयांत यंत्रे बसवायची, दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला फुकट सेवा द्यायची. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ पासून तिचे नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतले शुभ्र शिधापत्रिकेचे शेतकरीही तिच्यात घेतले, त्यात आपला बुलडाणा आहे. २०२३ च्या निर्णयाने तिचे दार सगळ्या कुटुंबांना उघडले, छत्र ५ लाखांवर नेले आणि मूत्रपिंड बदलण्यासाठीची रक्कम अडीच लाखांवरून साडेचार लाख केली. या योजनांमुळे माणसे जगली आहेत. त्यांची नावे मला पाठ आहेत. ज्याला अजून कार्ड काढायचे माहीत नाही त्याने बैठकीत येऊन विचारावे, लाजू नये.

माझे भांडण दुसरे आहे. हा सगळा खर्च मूत्रपिंड गेल्यानंतर सुरू होतो.

डायलिसिसचे यंत्र कसे चालते ते पाहा. रक्त एका बाजूने फिरते, दुसऱ्या बाजूने शुद्ध पाण्यात केलेले द्रावण फिरते. मिनिटाला अर्धा लिटर, चार तास. म्हणजे एका वेळेला १२० लिटर पाणी, आणि तेही इतके शुद्ध की त्यात क्षाराचा कणही चालत नाही. आठवड्यातून दोनदा धरले तर वर्षाला १०४ वेळा. १२,४८० लिटर. आता दुसरा हिशेब करा. पाच माणसांचे घर, माणशी रोज ५ लिटर चांगले पिण्याचे पाणी, वर्षाचे ९,१२५ लिटर. म्हणजे अख्ख्या घराला वर्षभर पाजायला जेवढे शुद्ध पाणी लागले असते त्यापेक्षा जास्त पाणी सरकार त्या घरातल्या एका माणसाच्या यंत्राला देते. फक्त मूत्रपिंड गेल्यावर देते.

आता शेतकऱ्याच्या बाजूचा खर्च. डायलिसिस फुकट आहे, मान्य. घाटाखालच्या गावातून घाटावर बुलडाण्याला, नाही तर खामगाव, अकोल्याला जायचे. रुग्ण एकटा येऊ शकत नाही, परतताना उभे राहवत नाही. गाडीभाडे, दोघांचे खाणे, सोबत्याची बुडालेली मजुरी, बाहेरून आणायला लागलेले इंजेक्शन, सगळे मिळून खेपेला हजार रुपये धरा. वर्षाला १ लाख ४ हजार. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. तो भाव मिळालाच, असे समजू. जवळजवळ १३ क्विंटल कापूस. कोरडवाहू वावरात एकरी चार क्विंटल धरला तर तीन एकरांहून जास्त पऱ्हाटी फक्त ये-जा करण्यात गेली. बी, खत, फवारणी, वेचणी कोणत्या एकरातून काढायची? फुकट उपचारात घर बसते ते असे.

२०१९ साली केंद्राने पोटातून घरच्या घरी करायच्या डायलिसिसची मार्गदर्शक सूचना काढली. ती आपल्यासारख्या दूरच्या गावांसाठीच सोयीची. आपल्या तालुक्यात ती किती जणांपर्यंत पोचली, हे बैठकीत हात वर करून सांगा म्हणजे झाले.

आंध्रातल्या उद्दानमचे नाव वर आलेच आहे. श्रीकाकुलम जिल्ह्यातला नारळ-काजूचा शेतकरी भाग. तिथेही रोगाचे नेमके कारण ठरलेले नाही. तरी २०१९ पासून तिथल्या सरकारने डायलिसिसच्या रुग्णाला महिना १०,००० रुपये पेन्शन लावली. डिसेंबर २०२३ मध्ये पलासा येथे २०० खाटांचे रुग्णालय आणि मूत्रपिंड संशोधन केंद्र उघडले, आणि त्याच दिवशी सुमारे ७०० कोटींची धरणाच्या पाण्याची नळयोजनाही. कारण माहीत नसताना पाणी बदलले! कारण सापडेपर्यंत लोकांनी तेच पाणी प्यावे असे तिथे कोणाला वाटले नाही. हे काही राज्यकर्त्यांच्या दयेने झाले नाही, लोकांनी वर्षानुवर्षे रेटा लावला तेव्हा झाले.

आपल्याकडे मूत्रपिंडाच्या रुग्णाला स्वतंत्र पेन्शन नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या दारात उभे राहायचे तर घराचे वर्षाचे उत्पन्न २१,००० च्या आत हवे, म्हणजे महिना १,७५०. एवढ्यात घर चालवणारा माणूस दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. आणि त्या दारातून मिळतात १,५००.

पाण्याचे म्हणाल तर वान धरणावरून जळगाव जामोद आणि संग्रामपूरसाठी १४० गावांची योजना आहे. २०१९ साली जलजीवन मिशन आले, माणशी रोज ५५ लिटर, २०२४ पर्यंत घरोघर नळ. ती मुदत आता २०२८ पर्यंत ढकलली. टोकाच्या गावात नळाला किती दिवसांनी पाणी येते आणि मधल्या दिवसांत माय-बहिणी कोणत्या विहिरीवर जातात, ते कागदावर दिसत नाही. नळ आहे, नोंद झाली, गाव 'हर घर जल' झाले. ज्याच्याजवळ पैसा आहे तो जार विकत घेतो. मजूर खारेच पितो.

आपली मागणी मोठी नाही. २०२३ पासून असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मूत्रपिंडाचा आजारही धरलेला आहे. आशाताई रक्तदाब-साखर तपासायला घरी येतेच. खारपाणपट्ट्याच्या गावांत त्याच खेपेला लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासा, आणि निकाल गावाच्या नावाने, विहिरीच्या नावाने लिहून ठेवा. रोग लवकर सापडला तर रक्तदाब आवरून, गोळ्या बंद करून डायलिसिस कित्येक वर्षे पुढे ढकलता येते. उशिरा सापडला तर हातात फिस्टुला करायलाही वेळ उरत नाही, मानेत नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतू शिरतात. टोकाच्या गावाला नळाचे पाणी येईपर्यंत पिण्यापुरते टँकरने द्या. आणि डायलिसिसच्या रुग्णाला सोबत्यासह खेपेचा खर्च द्या. यात जागतिक बँकेचे कर्ज लागत नाही.

यादी सरकार करत नाही तर आपण सुरू करू. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी आणाव्यात. एक, गावातल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांची संख्या, जिवंत आणि गेलेले वेगळे, वय आणि बाई की पुरुष एवढेच. नावे लिहू नका, कोणाच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर यायला नको. दुसरी, गाव पिते त्या पाण्याची एक लिटर बाटली. बाटली नवी घ्या, त्याच पाण्याने तीनदा विसळा, तोंडापर्यंत भरा, त्याच दिवशी सकाळी भरा. चिठ्ठीवर गाव, विहीर की बोअर, खोली किती, आणि किती घरे ते पाणी पितात हे लिहा.