मोबाइल घेऊन या

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. गेल्या पावसाळ्यात एका सभासदाने रस्त्यातल्या खड्ड्याचा फोटो टाकून खाली दोन तिखट ओळी लिहिल्या. तिसऱ्या दिवशी चौकीतून फोन आला, ‘साहेबांनी बोलावलंय, मोबाइल घेऊन या.’ लेखी काही नाही. दीड तास बाकावर बसलो. मग हवालदाराने हात पुढे केला, लॉक उघडायला लावलं आणि अंगठ्याने चॅट सरकवू लागला. मुलीचे रक्ताचे रिपोर्ट, बायकोचे निरोप, सगळं त्याच्या नजरेखालून गेलं. खड्ड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पालघरच्या दोन मुलींना नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली. त्यातल्या एकीने ती पोस्ट लाइक केली होती. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. सभासदाच्या मजकुराबद्दल केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. हे निकाल चौकीच्या बाकापर्यंत का पोचत नाहीत?

गणपतीत रात्रभर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या पोलिसांबद्दल मला आदरच आहे. म्हणूनच हे जास्त लागतं.

आता ग्रुपवर पाण्याच्या वेळेखेरीज कुणी काही लिहीत नाही. असा फोन तुम्हाला आला तर जरूर जा, पण आधी लेखी नोटीस मागा आणि एकटे जाऊ नका.