पाठांतर हवेच, पण प्रश्न बदला

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. यावर परीक्षेत येणारा प्रश्न ठरलेला असतो: दख्खनच्या दंग्यांची कारणे लिहा. गाइडमधले मुद्दे पाठ केले की गुण मिळतात. त्याच धड्यावर वेगळेही विचारता येईल: शेतकऱ्यांनी सावकारांच्या जिवावर उठण्याऐवजी त्यांची कर्जखतेच का जाळली? त्यासाठी अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले आणि इकडे शेतसारा वाढला होता, हे ठाऊक असावेच लागते. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. कोर्टातून जमीन जायची ती त्या कागदाच्या जोरावर, म्हणून कागदच नाहीसा करायचा होता, हा दुवा विद्यार्थ्याला स्वतः जोडावा लागतो. वर्गात काय शिकवले जाईल हे अखेर प्रश्नपत्रिका ठरवते, आणि आपली प्रश्नपत्रिका हा दुवा क्वचितच मागते.

यावर हमखास आक्षेप येतो की आधी पाया पक्का होऊ द्या, विचार नंतर. पाठांतर टाकाऊ आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पाढे यायलाच हवेत. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला होता. चूक आहे ती 'नंतर' या शब्दात. दहावीपर्यंत ते 'नंतर' उजाडतच नाही, आणि वापराविना पाठ केलेले परीक्षेनंतर विरून जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत जाते आहे, त्या मुलांना असे प्रश्न झेपतील का? अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले तपासली. हा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. भाजी विकताना अवघड हिशेब तोंडी करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितांत अडखळली, तर शाळेतली मुले बाजारातल्या हिशेबात. म्हणजे तर्कशक्ती गरिबाघरी आहेच, शाळा तिची ओळख ठेवत नाही. उलट साचेबद्ध प्रश्नांचा खरा फायदा क्लासची फी भरू शकणाऱ्यांना होतो.

उत्तरे तपासायची कशी, हा प्रश्न मात्र रास्त आहे. एका वर्गात पन्नास-साठ मुले आणि वर शाळाबाह्य कामे असतील, तर शिक्षक ठरीव उत्तरच शोधणार. आणि प्रश्नपत्रिका बदलली की काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण रद्द झाले, नवी कृतिपत्रिका आली आणि दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. चर्चा झाली ती टक्केवारीची. मुलांना काय लिहिता आले आणि काय नाही, हे फारसे कोणी विचारलेच नाही. तोंडी परीक्षेचे गुण परत आले, २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला आणि सगळे निवांत झाले.

राज्य मंडळाने प्रत्येक विषयात निदान एक प्रश्न असा द्यावा, ज्याचे उत्तर गाइडमध्ये नसेल. त्याच्या नमुना उत्तरांवर शिक्षकांना एकत्र बसवून गुणदान ठरवावे आणि त्या कामाचे मानधनही द्यावे. पालकांनीही पहिली काही वर्षे निकाल घसरला तर ओरड करू नये.