टॉन्सनसाहेब येथेंच राहतात काय?

अपरात्रीं दार ठोठावून ‘येथें अमुक गृहस्थ राहतात काय?’ असें विचारण्याची थट्टा वाड्यांतील मुलांस कोणी शिकवावी लागत नाहीं. याच थट्टेवर विल्यम टॉमस माँक्रीफ यानें १८२१ सालीं ‘मस्यू टॉन्सन’ हा फार्स रचला. त्याचें बीज जॉन टेलर याच्या एका विनोदी कवितेंत आहे. मोर्ब्लू नांवाचा फ्रेंच न्हावी स्वदेश सोडून लंडनमध्यें राहिलेला असतो. टॉम किंग नांवाचा खोडकर तरुण वरचेवर त्याच्या दारीं येऊन टॉमसन नांवाच्या गृहस्थाची चौकशी करतो. फ्रेंच जिभेवर ‘टॉमसन’चा ‘टॉन्सन’ होतो. प्रेक्षकांची हंसतां हंसतां पुरेवाट होते, आणि बिचाऱ्या न्हाव्याची झोंप जाते.

हा फार्स पुढें थेट ऑस्ट्रेलियांत पोहोंचला. सिडनी ही त्या काळीं इंग्लंडांतून हद्दपार केलेल्या कैद्यांची वसाहत होती. तेथें नाटकगृह काढण्याचा ध्यास बार्नेट लेव्ही यानें घेतला. तो स्वतः १८२१ सालीं आपखुशीनें आलेला. त्याचा वडील बंधु सॉलोमन मात्र शिक्षा होऊन आलेला! गव्हर्नर डार्लिंग यानें लेव्हीस परवाना नाकारला. पुढें गव्हर्नर बर्क याच्या अमदानींत तो मिळाला. २६ डिसेंबर १८३२ रोजीं रॉयल हॉटेलच्या दिवाणखान्यांत पहिला खेळ झाला. मुख्य नाटक डग्लस जेरॉल्डचें ‘ब्लॅक-आइड सूझन’, आणि त्याच्या जोडीला हा फार्स. मुख्य खेळामागून फार्स करण्याची ही चाल पुढें आपल्या मराठी मंडळ्यांनींही उचलली, हें वाचकांस ठाऊकच आहे.

लंडनमध्यें हंसणारे घरचे होते, आणि ज्यास हंसावयाचें तो परका होता. सिडनींत वसलेले बहुतेक गोरे मात्र मोर्ब्लूप्रमाणेंच मायदेशास अंतरलेले होते, आणि त्यांतील पुष्कळांस तर परतीची वाटच नव्हती. फार्साचें एक अक्षरही न बदलतां तो अशा गांवीं निराळाच होतो. परमुलुखांत दाराची कडी वाजली कीं मन कसें दचकतें, हें तेथें कोणास सांगावयास नको होतें.

आपल्या घरांतही नवी सून दूरच्या प्रांतांतून येते. तिच्या एखाद्या शब्दाची नक्कल होते, आणि सारें माजघर हंसतें. त्यांत दुष्टावा नसतो हें खरें. तरी त्या हंसण्यांत तिलाही सामील होतां येतें कीं नाहीं, एवढें घरांतील वडीलधाऱ्यांनीं अवश्य पाहावें.