आईची केबिन

गेल्या दीड-दोन महिन्यांत तीन जणांचे फोन आले. तिघांचा प्रश्न एकच, "तुम्ही त्या बोटीवर जाऊन आलात ना, कुठली केबिन घेऊ?" आमच्या धाराशिवात असा प्रश्न विचारला जाईल असं दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी आलेलं पाहिलंय, तिथली माणसं आता समुद्रात दोन रात्री काढायचा बेत करतात आणि डेक पाच घ्यावा की सात यावर चहाच्या टपरीवर वाद घालतात. मला गंमत वाटते. पण फोनवर मी जे सांगतो ते ऐकून तिघंही जरा नाराज झाले, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी आमची चूक सांगतो.

2023 च्या डिसेंबरात आम्ही सात जण मुंबई-गोवा-मुंबई असे बोटीने जाऊन आलो. मी, बायको, धाकटा भाऊ, त्याची बायको, पुतण्या, पुतणी आणि आई. आई तेव्हा शहात्तर वर्षांची. तिनं तोपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट, एकदा तिरुपती, एवढाच तिचा प्रवास. सगळा घाट तिच्यासाठीच घातला होता असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. प्रत्यक्षात बुकिंग करताना तिचा विचार सगळ्यात शेवटी झाला, हे मला आता कबूल करायला हवं.

एजंटनं विचारलं, "तीन केबिनपैकी किती खिडकीच्या?" मी म्हणालो, दोन. तिसरी आतली. आतली म्हणजे जिला खिडकी नसते ती. त्यात आई आणि पुतणी झोपतील. "आईला खिडकी कशाला, ती तर नऊला झोपते," हे माझंच वाक्य. वर त्यानं सांगितलं की नंबर आत्ता न निवडता "गॅरंटी" घेतली तर आणखी स्वस्त पडेल. गॅरंटी या शब्दानं आपण मराठी माणसं लगेच निर्धास्त होतो. इथे त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. तुम्हाला त्या प्रकारची किंवा त्याहून बरी केबिन मिळेल, एवढीच गॅरंटी. कुठल्या मजल्यावर, पुढे की मागे, घरच्यांच्या शेजारी की बोटीच्या दुसऱ्या टोकाला, हे कंपनी ठरवणार. आम्ही घेतली. तीन केबिन मिळून जेवढे वाचले तेवढे पैसे नंतर गोव्यात काजू घेण्यात गेले.

आईची केबिन आमच्यापासून तीन मजले खाली आणि अगदी मागच्या टोकाला आली.

आता जरा थांबून एक गोष्ट विचारतो. आपण लातूर-मुंबई एक्सप्रेसचं तिकीट काढतो तेव्हा काय करतो? घरात म्हातारं माणूस असेल तर आधी लोअर बर्थ बघतो. रेल्वेनं तर ते आपल्या पद्धतीतच बसवलंय. साठीच्या पुढचा पुरुष किंवा पंचेचाळिशीच्या पुढची बाई असेल तर शिल्लक असल्यास खालचा बर्थ आपोआप द्यायचा प्रयत्न होतो. एसटीत बसताना तर सांगावंही लागत नाही. तुळजापूरच्या घाटात मागच्या सीटवर म्हातारीला कुणी बसवत नाही, कारण मागची सीट माणसाला उडवते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मधली सीट, चाकापासून लांब. ही अक्कल आपल्याजवळ पिढ्यान् पिढ्या आहे. बोट म्हटलं की मात्र ती कुठे जाते कोण जाणे! समोर बाल्कनीतल्या बाईचा फोटो दिसतो आणि आपण विरघळतो.

बोटीचंही एसटीसारखंच असतं. लाटेवर ती पुढून उचलली जाते, मागून खाली जाते, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. सी-सॉच्या मधोमध बसलेल्याला काहीच होत नाही, टोकाचा मात्र वरखाली होत राहतो. शिवाय ती डाव्या-उजव्या अंगानंही डुलते, आणि त्या डुलण्यात जितके उंच जाल तितका झोका मोठा. म्हणजे सगळ्यात स्थिर जागा कुठली? खालच्या मजल्यावरची, मधोमधची. गंमत म्हणजे ती बहुतेक वेळा स्वस्तही असते. माणसं जास्त पैसे देऊन वर, टोकाला जातात आणि मग उलटीची गोळी मागतात. (गोळी घ्यायचीच असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी, विशेषतः बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग नसतो.) मोठ्या बोटींना दोन्ही बाजूंनी पंख्यांसारख्या पट्ट्या असतात, त्या डुलणं कमी करतात, आणि थंडीच्या दिवसांत आपल्याकडचा समुद्र तसा शांतच असतो. पण मागच्या टोकाला आणखी एक त्रास आहे. तिथे इंजिन आणि पंख्याची थरथर जाणवते. आईच्या केबिनमध्ये काचेचा ग्लास रात्रभर टेबलावर किणकिणत होता म्हणे.

त्या रात्री काय झालं ते सांगतो. आईला पहाटे उठायची सवय. आतल्या केबिनमध्ये दिवा बंद केला की जो अंधार होतो तो आपल्या घरात कधी होत नाही. आपल्या घरात दाराच्या फटीतून तरी काहीतरी येतं. तिला जाग आली तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते, पण तिला वाटलं उजाडलं असेल. पुतणी गाढ झोपेत. आई दिवस उगवलाय का बघायला दार उघडून बाहेर आली आणि दार मागे आपोआप बंद झालं. बाहेर लांबच लांब बोळ, दोन्हीकडे एकसारखी दारं, एकसारखे दिवे, एकसारखा गालिचा. चार पावलं चालली, वळली, आणि आपलं दार कुठलं ते कळेना. तिच्या गळ्यातल्या कार्डावर केबिनचा नंबर नव्हता. सुरक्षेसाठी बऱ्याच बोटींवर तो छापत नाहीत. छापला असता तरी इंग्रजी आकडे तिला नीट लागत नाहीत. कुणाचं दार वाजवावं तर परक्याचं निघालं तर? ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. चाळीसेक मिनिटांनी सफाईच्या एका पोराला ती दिसली. तो बिचारा तिकडचा, ईशान्येकडचा. हिला हिंदी येत नाही, त्याला मराठी. तरी त्यानं तिला हात धरून काउंटरवर नेलं आणि तिथून आम्हाला फोन आला.

मी धावत गेलो तेव्हा ती खुर्चीत पदर घट्ट लपेटून बसली होती. मला म्हणाली, "आरं, हितं दिस उगवला का न्हाई ते कळावं कसं माणसानं?"

मला उत्तर सुचलं नाही.

सकाळी काउंटरवर केबिन बदलून मागितली. बोट भरलेली, शक्य नव्हतं. मग मी आणि बायको खाली गेलो, आई आणि पुतणी आमच्या खिडकीच्या केबिनमध्ये आल्या. दुसऱ्या दिवशी आईनं खिडकीशी खुर्ची ओढून जवळजवळ सगळा दिवस तिथेच काढला. वरच्या डेकवरचा तलाव, नाचगाणी, जादूचे प्रयोग, कशातच तिला रस नव्हता. तिला पाणी बघायचं होतं. "एवढं पानी आन् पिता येत न्हाई," असं एकदा म्हणाली. मी सांगितलं की बोटीवर समुद्राच्याच पाण्यातला खारटपणा काढून गोडं पाणी करतात, आपण अंघोळ त्यानंच केली. तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते तिच्या चांगलं लक्षात आहे.

तर फोन करणाऱ्यांना मी एकच सांगतो. तुमच्यात सगळ्यात अशक्त माणूस कोण आहे ते आधी ठरवा आणि पहिली केबिन त्याची निवडा. बाकीच्यांनी उरलेल्यात भागवावं. नंबर पाहून, नकाशा पाहून, थोडे जास्त पैसे देऊन निवडा. हे ऐकूनच लोक नाराज होतात. त्यांना "बाल्कनी घ्या" किंवा "केबिन फक्त झोपायला, स्वस्तातली घ्या" यातलं काहीतरी एक ऐकायचं असतं. स्वस्तातल्याचा सल्ला पंचविशीतल्या पोरांना अगदी बरोबर आहे. ती पोरं केबिनमध्ये असतातच किती वेळ? पण म्हातारं माणूस बोटीवर निम्म्याहून जास्त वेळ केबिनमध्येच असतं. त्याच्यासाठी केबिन हीच सहल.

नकाशा बघताना मी आता काय बघतो तेही सांगून टाकतो. लिफ्ट किती लांब आहे? अगदी लागून नको, रात्रभर वर्दळ असते, पण गुडघे दुखणाऱ्याला पाच-सहा दारांपेक्षा लांबही नको. वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे? डोक्यावर नाचाचा हॉल किंवा स्वयंपाकघर असेल तर पहाटे भांडी आणि रात्री ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे का? तशी केबिन स्वस्त मिळते, आणि उजेड हवाय, देखावा नाही मिळाला तरी चालेल असं असेल तर बेधडक घ्यावी. दोन केबिनमध्ये आतून दार असलेल्या जोड्याही काही बोटींवर असतात, आजी-नातवंडांसाठी त्यासारखी सोय नाही. नातं नसलेले शेजारी असतील तर मात्र त्याच दारातून त्यांचं घोरणं ऐकू येतं. आणि न्हाणीघर! त्याबद्दल कुणीच विचारत नाही. अगदी एवढंसं असतं, उंबरा उंच असतो, बादली-मग्गा नसतो, वरून फवारा. आईनं पहिल्या दिवशी अंघोळच केली नाही, आणि का ते सांगितलंही नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, बिनउंबऱ्याच्या केबिन असतात, पण मोजक्याच. ज्याला खरोखर गरज आहे त्यानं फार आधी विचारावं.

डावी बाजू की उजवी, हाही एक आवडता वाद. "पॉश" हा शब्द म्हणे त्यातूनच आला. साहेब लोक विलायतेहून हिंदुस्थानात येताना सावलीसाठी डावीकडची केबिन घ्यायचे आणि परतताना उजवीकडची, त्याची इंग्रजी आद्याक्षरं. कहाणी छान आहे, पण शब्दकोशवाल्यांना तिला पुरावा सापडलेला नाही. मुंबईहून गोव्याला जाताना सकाळचं ऊन डावीकडून, संध्याकाळचं उजवीकडून, आणि परतताना उलट. दोन रात्रींसाठी यावर भांडू नये.

एका गोष्टीवर मात्र भांडावं. बोट सुटताना जी कवायत घेतात, संकटकाळी कुठे जमायचं त्याची, ती पोरं टाळतात. 13 जानेवारी 2012 ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली आणि बत्तीस माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्यानं चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती. पुढे नियम बदलून ती सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणं सक्तीचं केलं. आपल्याला तर इतकं लांब जायलाही नको. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली "रामदास" बुडाली, सहाशेहून अधिक माणसं घेऊन. कोकणातल्या जुन्या माणसांना बोट म्हटलं की आजही आधी तीच आठवते. आमच्याकडे ती आठवण नाही, म्हणून आम्ही जरा जास्तच निर्धास्त असतो. संकटात लिफ्ट वापरायची नसते. तेव्हा आईच्या केबिनपासून जमायच्या जागेपर्यंत किती पायऱ्या, हे तिच्याबरोबर एकदा स्वतः चालून मोजावं. मी ते दुसऱ्या दिवशी केलं. जुन्या केबिनपासून मोजल्या असत्या तर त्या तिला झेपल्या नसत्या.

भाऊ म्हणतो तू फार मनाला लावून घेतोस, काही झालं तर नाही ना. खरंय. काही झालं नाही.

आमच्या जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध तसा फार जुना आहे बरं का. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात त्याचं नाव आहे. तिथलं कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून बोटीत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा बघायला मिळतात. आईला मी हे बोटीवर सांगितलं. ती म्हणाली, माल गेला असंल, पर बाया गेल्या नसतील.

आता भावाच्या डोक्यात लक्षद्वीप आलंय. परवा त्यानं नकाशा पाठवला, मी त्यावर पेन्सिलीनं तीन केबिनवर खुणा करून परत दिला. मधल्या, खालच्या, तिन्ही शेजारी-शेजारी, एक खिडकीची. आईला विचारलं, येणार का? तिनं दोन अटी घातल्या. दाराच्या कडीला आपला लाल पंचा बांधायचा, म्हणजे दार ओळखू येतं. आणि घरून बादली न्यायची. बादलीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.