रोग सुईचा कीं दारिद्र्याचा?

गरिबाला व्यसन लागलें कीं त्याच्या नीतीचा पंचनामा होतो. पण तें व्यसन घरांत कोणत्या दारानें शिरलें याची चौकशी कोणी करीत नाहीं. सोन्याची लंका समजल्या जाणाऱ्या अमेरिकेंतही असेंच झालें.

इंडियाना प्रांतांत स्कॉट काउंटी म्हणून आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढा मुलूख आहे. त्यांत ऑस्टिन हें सुमारें चार हजार वस्तीचें गांव. काउंटींत २००४ ते २०१३ या दहा वर्षांत मिळून एच.आय.व्ही.चे पांच रोगी सांपडले होते. त्याच भागांत नोव्हेंबर २०१४ पासून एका वर्षाच्या आंत १८१ सांपडले! कारण काय, तर ओपाना नांवाची अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी. डॉक्टर ती दुखण्यावर देत. लोक ती कुटून, पाण्यांत विरघळवून शिरेंत टोंचूं लागले. गोळी महाग, म्हणून ती वाटून घ्यायची आणि सुईही तीच. दिवसांतून चारपासून पंधरा वेळां टोंचणारे होते. बाप, लेक, नातू एकाच घरांत बसून टोंचीत. कांहीं बायांनीं गोळीसाठीं शरीर विकलें, तेव्हां रोगाला दुसरीही वाट मिळाली.

तेथें दर पांचांतील एक माणूस दारिद्र्यांत होता. दर पांचांतील एकाचें हायस्कूलही पुरें झालें नव्हतें. एच.आय.व्ही. तपासणारें काउंटींतील एकमेव केंद्र पैसा आटल्यानें २०१३ सालींच बंद पडलें होतें. आम्ही मास्तर लोक, हिशेब दिसला कीं मांडून पाहतों: काम नाहीं, शिक्षण नाहीं, दवाखाना नाहीं, राहिलें काय, तर गोळी.

स्वच्छ सुया फुकट वाटाव्या, तर कायदा आड. गव्हर्नर माइक पेन्स यांचाही त्यास विरोध होता. अखेर मार्च २०१५ मध्यें त्यांनीं आणीबाणी पुकारली व सुया मिळूं लागल्या. येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं हिशेब केला कीं, २०११ सालींच हालचाल झाली असती तर रोगी दहाच्या आंत राहते. ओपाना बाजारांतून उठली ती मात्र २०१७ सालीं, सरकारनें सांगितल्यावर.

ही एका गांवाची गोष्ट नव्हे. २०२२ सालीं त्या देशांत नशेच्या जादा मात्रेनें लाखावर माणसें मेलीं, त्यांत सुमारें ऐंशी हजार अफूच्या जातीच्या द्रव्यांनीं. त्याच सालीं गरमीचे, म्हणजे उपदंशाचे, दोन लाखांवर रोगी निघाले. १९५० नंतर एवढे कधीं निघाले नव्हते. सदतीसशेंहून अधिक बाळांना ती आईच्या पोटांतच लागली. त्या बाळांनीं कोणतें व्यसन केलें होतें?

नीतीचे ठेकेदार म्हणतात, सुया दिल्यानें व्यसन बळावतें. पण सुया देणाऱ्या त्या खिडकीवरच तपासणी होई, उपचाराची वाट सांगत, जादा मात्रेवरचें उतारा-औषधही देत. २०२० सालीं स्कॉट काउंटींत एच.आय.व्ही.चा नवा रोगी फक्त एक निघाला. पुढच्याच वर्षीं, जून २०२१ मध्यें, तिघां कारभाऱ्यांपैकीं दोघांनीं हात वर केले आणि ती खिडकी बंद करण्याचा ठराव झाला.