घड्याळ सैल, क्रम पक्का

सूसच्या एका सोसायटीत, सातव्या मजल्यावरच्या घरात, फ्रिजच्या दाराला वेल्क्रोची एक उभी पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर पाच चित्रं: ब्रश, पोह्यांची बशी, झोका, वही आणि झारी. झारी शेवटी, कारण बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालणं हे त्या घरातल्या नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाचं सगळ्यात आवडतं काम. एक काम झालं की तो ते चित्र खर्रकन उपटतो आणि खालच्या डब्यात टाकतो. पट्टीवर वेळ मात्र कुठेच लिहिलेली नाही.

विशेष मुलाला घरी शिकवायचं ठरवलेल्या प्रत्येक आईबाबांना मला ही पट्टी दाखवावीशी वाटते. एरवी घरोघरी दिसतं ते वेगळंच. शाळेत मूल रमलं नाही, शाळेनं नाना कारणं सांगितली, शेवटी घरीच शिकवायचं ठरलं. आणि पहिल्याच सोमवारी डायनिंग टेबलावर शाळा भरते. आठ ते साडेआठ मराठी, साडेआठ ते नऊ गणित, मग स्पीच थेरपीचा गृहपाठ. आठवड्याभरात मूल टेबलाखाली आणि आई रडकुंडीला. मग गाडी दुसऱ्या टोकाला जाते: ‘त्याचा मूड असेल तेव्हा करू.’ यात मुलाचे हाल जास्त. पुढे काय होणार हे कळलं नाही की जे मूल बिथरतं, त्याच्यासाठी असा मोकळा दिवस फार अवघड असतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की वेळ सैल ठेवा आणि क्रम पक्का ठेवा. सूससारख्या ठिकाणी तर दुसरं काही टिकणारच नाही. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं, तरी इथल्या बऱ्याच पालकांना थेरपीसाठी औंध नाहीतर कोथरूड गाठावं लागतं, आणि वाटेत गाडी किती वेळ अडकेल ते कुणीच सांगू शकत नाही. मुलाला ‘चार वाजता थेरपी’ असं सांगून ठेवलंत, तर रस्ता तुम्हाला खोटं पाडतो. ‘झोका, मग गाडी, मग थेरपीच्या ताई’ हे मात्र साडेचार वाजले तरी खरंच राहतं.

आणि थेरपी रद्दच झाली तर? त्या घरात यासाठी एक वेगळं कार्ड आहे, केशरी रंगाचं, त्यावर मोठं प्रश्नचिन्ह. ते ‘बदल’चं कार्ड. हे कार्ड पहिल्यांदा वाईट बातमीसाठी कधीच काढायचं नाही. आधी काही आठवडे ते गोड बदलांसाठी वापरायचं: आज वहीच्या जागी आमरस, आज झोक्याच्या जागी आजोबांबरोबर पाषाण तलाव. बदल म्हणजे संकटच असतं असं नाही, हे मुलाच्या अंगवळणी पडलं, की मग एखाद्या दिवशी नको असलेला बदलही ते पचवतं. रडेल, पण सावरेल.

क्रम लावताना बैठ्या कामाच्या आधी अंगमेहनत ठेवून पाहा. बादली उचलणं, उशा रचणं, झोका. अनेक मुलं त्यानंतरच दहा मिनिटं वहीपाशी टिकतात, आणि सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. मटार सोलताना बोटांची ताकद वाढते, वाटीनं तांदूळ मोजताना गणित होतं. आजीला यातलं निम्मं न शिकवताच येतं. तिला सोबत घ्या.

चित्रांची ही पद्धत घराघरात रुजली त्यामागे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या एरिक शॉप्लर यांचं मोठं काम आहे. आईवडिलांना दोष देण्याचा तो काळ होता. शॉप्लर यांनी त्यांना उपचारातले सहकारी मानलं, आणि 1972 मध्ये ‘टीच’ हा कार्यक्रम तिथं राज्यभर सुरू झाला. पण सहकारी म्हणजे चोवीस तासांची शिक्षिका नव्हे. दिवसातला एक तास तरी आईनं काहीही न शिकवता मुलाजवळ नुसतं बसावं. घराचं थेरपी सेंटर झालं, तर मुलानं दमून यायचं कुठं?

आता कागदपत्रांचं. 2012 च्या दुरुस्तीनुसार शिक्षणहक्क कायद्यात बहुविध आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तोही जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. समग्र शिक्षा योजनेत गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे. पुढे दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान आहे; तिथं पाच वर्षांत, एकेक विषय करत परीक्षा देता येते.

म्हणून पालकांना विनंती आहे. घरी शिकवा, जरूर शिकवा, पण वैतागून शाळेतून मुलाचं नाव काढू नका. दाखला मागण्याआधी गृहाधारित शिक्षणासाठी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.