आधी वर्ग निवडा, मग गाडी

"कोणती गाडी घेऊ?"

रेडिओवर चालणाऱ्या विजेच्या टूरिंग कारच्या शर्यतीत ज्याला उतरायचंय, त्याचा पहिला प्रश्न हाच असतो. आणि उत्तर द्यायला सगळे टपलेलेच असतात. एक म्हणतो एक्सरे घे, दुसरा म्हणतो योकोमो, तिसरा त्याची जुनी टामिया गळ्यात मारायच्या बेतात. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा: कोणत्या वर्गात, कोणाबरोबर पळवणार? त्याचं उत्तर मिळालं की गाडीचा प्रश्न निम्मा सुटतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खऱ्या सेडानच्या एक दशांश आकाराची, १९० मिलिमीटर रुंद, बहुतेक वेळा चारही चाकांना जोर असलेली गाडी. वर पातळ पॉलिकार्बोनेटचं रंगवलेलं कवच. आत ७.४ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी, हाताच्या मुठीत मावेल एवढी मोटर. शर्यत पाच मिनिटांची. इथे इंग्लंडात हिवाळ्यात ती बहुधा एखाद्या शाळेच्या क्रीडागृहात होते. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून कार्पेटच्या गुंडाळ्या उलगडायच्या, चिकटपट्ट्या मारायच्या, कडेच्या पट्ट्या मांडायच्या. आठ-दहा जण उंच फळीवर उभे राहून गाड्या पळवतात. आपली शर्यत संपली की पुढच्या शर्यतीला मार्शल म्हणून ट्रॅकच्या कडेला उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. यातून कोणाची सुटका नाही, कितीही मोठा ड्रायव्हर असो. मला हा नियम फार आवडतो.

आता गाडीकडे येऊ. वरच्या दर्जाचं किट म्हणजे कार्बन फायबरची किंवा अॅल्युमिनियमची चेसिस, पट्ट्यांवर फिरणारी चाकं आणि बदलता येतील अशा शंभर जागा. किंमत पाचशे पौंडांच्या वर, आणि त्यात मोटर, बॅटरी, स्पीड कंट्रोलर, रिमोट काहीही नसतं. दुसऱ्या टोकाला टामियाची टीटी-०२. २०१३ साली आलेली, प्लॅस्टिकच्या टबासारख्या चेसिसची, मधून शाफ्ट जाणारी. तिच्या साध्या किटमधल्या शॉकअब्सॉर्बरमध्ये तेलसुद्धा नसतं, नुसत्या घर्षणावर काम चालतं. दोन्ही गाड्यांत फरक आहे का? आहेच. महागडी गाडी वळणात जास्त शहाण्यासारखी वागते आणि तुम्ही सांगाल ते ऐकते. पण सांगायचं काय हे ठाऊक नसेल तर त्या शंभर जागा म्हणजे बिघडवण्याच्या शंभर संधी!

थोडं गणित करू. पंधरा सेकंदांची फेरी धरली तर पाच मिनिटांत वीस फेऱ्या. समजा महागड्या सामानामुळे तुम्ही फेरीमागे दशांश सेकंद कमावला. शर्यतभरात झाले दोन सेकंद. आणि गाडी एकदा उलटली, मार्शल धावत येईपर्यंत पाय वर करून पडून राहिली, तर चार-पाच सेकंद गेले. म्हणजे शेकडो पौंड मोजून मिळवलेलं सगळं एका उलटीत साफ, वर उधारी. म्हणून मी नवख्याला सांगतो, तुझी सर्वांत वेगवान फेरी किती सेकंदांची हे मला सांगूच नकोस. वीस फेऱ्यांची सरासरी सांग. प्रत्येक गाडीत ट्रान्सपॉन्डर असतो, कागदावर सगळ्या फेऱ्या छापून मिळतात. त्या कागदात खोटं बोलायला जागा नसते.

आता ट्यूनिंग. याचं मोठं गूढ करून ठेवलंय लोकांनी. लहानपणी सायकलच्या दुकानात चाकाचा आउट काढताना पाहिलंय ना? तो माणूस एक आरी थोडी आवळतो, चाक फिरवतो, बघतो, मग पुढची. दहा आऱ्या एकदम पिळत नाही. इथेही तेच. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा.

क्रमही ठरलेला आहे. पहिले टायर. गाडी आणि ट्रॅक यांची गाठ फक्त तिथेच पडते, त्यामुळे चुकीच्या टायरवर बाकीची सगळी अक्कल वाया जाते. मग चेसिस पिळवटलेली नाही ना, चारही चाकांवर वजन सारखं आहे ना, ते बघायचं. मग जमिनीपासूनची उंची, साधारण पाच मिलिमीटर. चाकांचा वरचा भाग आत झुकलेला, दीड-दोन अंश. मागची चाकं किंचित आत वळलेली, दोन-तीन अंश, म्हणजे शेपूट ताब्यात राहते. डिफरन्शियलमधलं सिलिकॉन तेल, स्प्रिंगा, अँटी-रोल बार हे सगळं त्यानंतर. आणि हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत, ही फक्त सुरुवातीची जागा.

शिवाय ट्रॅकसुद्धा एका जागी थांबत नाही. संध्याकाळ चढते तसं कार्पेटवर रबर बसत जातं, पकड वाढते. सात वाजता घसरणारी गाडी नऊ वाजता वळणात सरळ उलटायला लागते. हे पकड कमी झाल्यामुळे होत नाही बरं का, जास्त झाल्यामुळे होतं. टायरची बाहेरची बाजू कार्पेटला चावते आणि गाडी तिच्यावरून पलटी मारते. उपाय काय? टायरच्या बाहेरच्या कडेला सुपरग्लूचा पातळ थर, म्हणजे ती कड गुळगुळीत होऊन सरकते. काही पेन्सांचं काम! अशा वेळी नव्या स्प्रिंगा मागवणारे लोक बघितले की मला 'नाचता येईना अंगण वाकडे' आठवतं.

गिअरचंही तसंच. मोटरवरचं छोटं पिनियन आणि मोठं स्पर. समजा स्पर ९६ दात्यांचं आणि पिनियन ४८ चं, म्हणजे प्रमाण २. गाडीच्या आतल्या पट्ट्यांचं प्रमाण १.९ असेल तर गुणाकार ३.८. चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे ३.८ फेरे. पिनियन मोठं केलं की लांब सरळ पट्टीवर वेग वाढतो, पण मोटर तापते आणि वळणातून बाहेर पडताना गाडी सुस्तावते. शर्यत संपल्याबरोबर मोटरचं तापमान मोजायचं. पारा ८० अंशांच्या पुढे जायला लागला की एक-दोन दाते कमी करायचे. तापमान मोजायचं पिस्तूल स्वस्तात मिळतं, जळालेली मोटर स्वस्तात मिळत नाही.

इथवर सगळं सोपं आहे. हे सहा महिन्यांत कुणालाही येतं. मग लोक खेळ सोडून का जातात?

आमच्या क्लबात गेल्या हिवाळ्यात महाराष्ट्र मंडळातल्या एका मित्राचा बारा वर्षांचा मुलगा यायला लागला. वाढदिवसाची टीटी-०२, स्वतः जोडलेली, कवच स्वतः रंगवलेलं. त्याच्यासाठी वेगळा वर्ग नव्हता, म्हणून तो मोठ्यांच्या खुल्या शर्यतीत. पाच मिनिटांत पुढचे गडी त्याला सात-सात फेऱ्यांनी मागे टाकायचे, आणि दर वेळी त्याने बाजूला व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला विचारलं, "काका, मी चुकतोय की गाडी चुकतेय?" मी म्हटलं, "अरे, दोघंही नाही. तुला जिथे उभं केलंय ती जागा चुकतेय." पाचव्या आठवड्यापासून तो यायचा बंद झाला. बापाने विचारलं होतं, चांगली गाडी घेऊन दिली तर? मी नको म्हटलं. पाचशे पौंडांनी सात फेऱ्यांतल्या दोन भरून निघाल्या असत्या, आणि पाच तशाच राहिल्या असत्या.

हा खेळ या वळणावर आधीही आला होता. जुन्या ब्रश मोटरच्या काळात 'स्टॉक' वर्ग म्हणजे २७ वेढ्यांची मोटर, गरिबांचा वर्ग. पण त्यातही ज्याच्याकडे कम्युटेटर घासून घ्यायची लेथ, नवे ब्रश आणि निवडून जुळवलेले सेल, तोच पुढे. मग ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरी आली. लेथ गेली, सेल जुळवणं गेलं, सगळे हुश्श म्हणाले. तर २००९-१० च्या सुमारास स्पीड कंट्रोलरमधल्या सॉफ्टवेअरने मोटरचं टायमिंग चालू शर्यतीत वाढवायला सुरुवात केली आणि १७.५ वेढ्यांची शांत मोटर उधळली. पुन्हा मोटरी जळायला लागल्या, पुन्हा ज्याचा कंट्रोलर नवा तो पुढे. शेवटी नियम आला: स्टॉकमध्ये टायमिंग शून्य. कंट्रोलरचा दिवा लुकलुकत असला म्हणजे तो नियमात आहे. त्यावरूनच या वर्गाला 'ब्लिंकी' नाव पडलं. एका लुकलुकत्या दिव्याने जेवढी माणसं या खेळात राखली असतील, तेवढी कुठल्याही नव्या चेसिसने राखली नसतील, असं मला मनापासून वाटतं.

यावर आमच्यातले वेगवान लोक म्हणतात, नियमांनी खेळ मचूळ होतो, प्रगती थांबते. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. खुल्या वर्गातली गाडी बघणं हा आनंदच आहे, आणि मार्क राइनहार्टसारखा माणूस टामिया घेऊन २००४, २००८ आणि २०१० असा तीनदा जगज्जेता होतो तो त्याच वर्गात. त्यांच्यासाठी एक खुली शर्यत जरूर ठेवा. पण एक गोष्ट लक्षात घ्या. जिथे मोटर हवी ती लावता येते, त्या जागतिक स्पर्धांतही टायर मात्र सगळ्यांना एकाच प्रकारचे ठरवून दिले जातात. जगातले सर्वांत वेगवान लोक ही मर्यादा मुकाट्याने मान्य करतात. मग शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या क्रीडागृहात जमणाऱ्या आपल्यालाच ती का टोचावी?

आणि हॉलचं भाडं? ते पहिल्या तिघांच्या प्रवेश फीमधून निघत नाही. ते निघतं शेवटून पहिल्या येणाऱ्यांच्या खिशातून. आमच्याकडे पूर्वी टूरिंग कारच्या तीन हीट भरायच्या, आता जेमतेम एक भरते. अजून चार जण कमी झाले तर कार्पेट उलगडायलाही माणसं पुरणार नाहीत.

पुढच्या महिन्यात क्लबाची वार्षिक सभा आहे. माझा ठराव दोन ओळींचा आहे. मुख्य वर्ग १७.५ ब्लिंकी, सगळ्यांना एकच टायर. आणि टीटी-०२ साठी वेगळी शर्यत, किटमधल्याच मोटरवर, वय कितीही असो. ठराव पास झाला तर माझी स्वतःची दोन महागडी मोटरं कपाटात जातील. जाऊ देत.

तेव्हा तुम्ही किंवा तुमचं पोरगं या खेळात उतरणार असाल, तर दुकानात जाण्याआधी जवळच्या क्लबात एक संध्याकाळ घालवा. कडेला उभे राहा, शेवटच्या हीटमधले लोक हसतायत का ते बघा. हसत असतील, तर ते जी गाडी पळवतायत तीच घ्या. सुटे भागही तिचेच मिळतील आणि अडलं तर सांगणारेही तिथेच असतील.